महादेवाच्या कुंडावरच्या टाचण्या

चतुर मेला की त्याचा रंग जातो. लाल चतुर सकाळी धरून कागदाच्या पुडीत ठेवला तर दुपारपर्यंत चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी होतो, आणि निळ्याचे डोळे तर घटकाभरात काळे पडतात. हे मला लग्नानंतर कळलं. माझे यजमान डोंगरातल्या एका गावात शाळामास्तर होते आणि त्यांना चतुरांचा नाद होता. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही इथं मास्तरच म्हणते. मास्तरांना सरळ रेघसुद्धा ओढता येत नव्हती. मी माहेरी, पाथरीला, दारापुढं ठिपके न मांडता रांगोळी काढायची. मोर, वेल, नंदी, काय सांगाल ते. लग्नाला महिना झाला नसेल तेव्हा त्यांनी एक जिवंत चतुर पंख चिमटीत धरून माझ्यापुढं आणला.

"हा जिता हाय तवर काढून दे," ते म्हणाले. "रंगासकट."

हळद, कुंकू, नीळ, दिव्याची काजळी आणि शेवग्याच्या पाल्याचा रस एवढ्यावर मी ते पहिलं चित्र काढलं, परीक्षेच्या जुन्या पेपराच्या पाठीवर. मास्तर ते बराच वेळ बघत राहिले आणि मग चतुर दारातून सोडून दिला. पुढं त्यांनी हैदराबादेहून रंगांची पेटी मागवली. तिथं शिकत असताना ते ज्या प्राध्यापकांकडे राहत त्यांनी त्यांना हा नाद लावला होता. आमच्या डोंगरात कोणकोणते चतुर सापडतात याची यादी आणि चित्रं मास्तर त्यांना टपालानं पाठवत.

गाव राणीसावरगावापासून तीन कोस आत, बालाघाटाच्या डोंगरात होतं. निजामाचं राज्य, मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, शिकवणं उर्दूत, आणि पोरं सगळी मराठी बोलणारी. मास्तर सकाळी उर्दूत शिकवत आणि दुपारी तेच मराठीत समजावून सांगत. त्यांचा स्वभाव शांत होता. त्यांना मारकुटेपणा जमत नसे, म्हणून पोरं त्यांच्याजवळ येत. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला खडे उचलायला लावायचा खेळ त्या गावच्या पोरांनी मास्तरांसाठी सोडला होता.

सुटीच्या दिवशी आम्ही दोघं डोंगर चढायचो. बाईनं नवऱ्याबरोबर असं रानात फिरणं लोकांना विचित्र वाटे, पण मास्तर आहेत म्हणून कोणी बोलत नसे. खालच्या तळ्यावर लाल आणि पिवळे चतुर असत. एका जातीचे पंख फुलपाखरासारखे चितकबरे होते, ते उडताना भिरभिरत. ओढ्याच्या खडकांवर दगडाच्याच रंगाचा एक चतुर बसे, तो हलल्याशिवाय दिसायचा नाही. त्याला शोधायला मी मास्तरांपेक्षा लवकर शिकले. टाचण्या म्हणजे चतुराचीच बारीक भावंडं, बसल्यावर पंख मिटून घेणारी. त्या गवतात असत, निळ्या, हिरव्या, काही जुन्या पैशासारख्या तांबूस. चार वर्षांत आम्ही चाळीसच्या वर तऱ्हा मोजल्या. मैदानात गोदागंगेकाठी जे मिळत नाहीत ते डोंगरात मिळतात, कारण इथं पाणी वाहतं, दगडावर आपटतं, सावलीत थंड राहतं, असं मास्तर सांगायचे.

गावच्या वर, कड्याच्या पोटात महादेवाचं एक लहान देऊळ होतं आणि त्याच्या पायथ्याशी कुंड. कुंडात बारा महिने झरा. गावाचं पिण्याचं पाणी तिथूनच यायचं. त्या कुंडातून पाणी बाहेर पडतं तिथं, हातभर रुंदीच्या धारेवर, एक बुटकी सोनेरी टाचणी राहायची. अंगानं जाड, काळ्या पट्ट्यांची, आणि ऊन पडलं की सोन्याच्या मण्यासारखी दिसे. ती आम्हाला दुसरीकडे कुठंच सापडली नाही. मास्तरांनी तीन वर्षं शेजारच्या सगळ्या ओढ्यांना तिचा शोध घेतला होता.

मी त्या गावात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. ती चालायला लागली तेव्हा युद्ध सुरू होऊन बरेच दिवस झाले होते.

डोंगरातल्या गावांना हिवताप नवा नव्हता. पाऊस ओसरला की दर वर्षी तो यायचा, घरोघर माणसं घोंगड्या पांघरून उन्हात कुडकुडत बसायची, आणि दिवाळीनंतर उठायची. काही उठायची नाहीत. पण लढाईत तापावरचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, मिळेना झालं. पूर्वी गंगाखेडच्या दवाखान्यातून पुड्या यायच्या, त्या बंद झाल्या. त्याच वर्षी, श्रावण संपता संपता, तालुक्याहून तापाच्या बंदोबस्ताचा दरोगा आला. पन्नाशीचा, दमेकरी, पायात फाटका बूट. बरोबर एक शिपाई आणि बैलगाडीवर तेलाचे डबे.

त्यानं गाव पारावर जमवलं आणि सांगितलं की ताप डासांमुळे येतो, डास पाण्यात वाढतात, म्हणून गावातलं सगळं उभं पाणी तेलानं झाकायचं. तळं, डबकी, ओढ्याचे डोह, आणि महादेवाचं कुंड.

लोक बिथरले. दिवा लावायला घासलेट मिळत नव्हतं, बाया संध्याकाळ व्हायच्या आत भाकरी उरकायच्या, आणि हा माणूस डबेच्या डबे पाण्यावर ओतायचं म्हणत होता. शिवाय देवाचं कुंड. शिवाय पिण्याचं पाणी.

"पाणी प्यायचं कुठलं मग?" पाटलानं विचारलं.

"आठ दिन दूसरी जगह से लाना," दरोगा म्हणाला.

"दुसरी जगा दीड कोसावर हाय. आमच्या बाया जातेत का तिथं?"

तेव्हा मास्तर पुढं झाले. मी बायकांत, मुलीला कडेवर घेऊन उभी होते. मास्तरांनी शाळेतून काचेची बरणी आणवली. तिच्यात कुंडातलं पाणी होतं आणि तळाशी चतुराची अळी. चतुराचं पोर वर्षभर पाण्यात राहतं, त्याला पंख नसतात, ते मातकट आणि बेढब असतं. बघणाऱ्याला तो चतुर होईल असं वाटतच नाही. मास्तरांनी गोठ्याजवळच्या डबक्यातून वाटीभर डासांच्या अळ्या आणून त्या बरणीत सोडल्या. लोक वाकून बघायला लागले. चतुराची अळी आधी हललीच नाही. मग तिच्या तोंडाखालून एक घडी घातलेला चिमटा सुटला, एक अळी गेली. मग दुसरी. पोरांनी मोजायला सुरुवात केली, मग मोठी माणसंही मोजायला लागली.

"ह्या कुंडात अशा शेकड्यानं हायेत," मास्तर म्हणाले. "तेल टाकलं तर ह्या मरतेत. डास पुन्यांदा येतेत, पर ह्यांना यायला वर्ष लागतंय."

दरोग्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याचा आवाज चढला नाही. "मास्टर साब, मैं भी जानता हूँ ये कीडा मच्छर खाता है," तो म्हणाला. "मगर कितने खाता है और कितने छोडता है, वो किसने गिना?"

ते कोणीच मोजलं नव्हतं, पण गावाला उत्तर नकोच होतं. गावानं आधीच ठरवलं होतं, आता त्याला शिकलेल्या माणसाचा आधार मिळाला. दरोग्यानं तळ्यावर आणि डबक्यांवर तेल टाकलं आणि कुंड व त्याखालचा ओढा सोडून दिला. गावानं नकार दिला असा कागद त्यानं उर्दूत लिहिला. पाटलानं अंगठा उठवला, मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली. जाताना दरोग्यानं माझ्या मुलीच्या गालाला हात लावला आणि गाडीत बसला.

दुपारी जेवायला वाढताना मी मास्तरांना म्हणाले, "त्या सोनेरी टाचणीचं न्हाई सांगितलं तुमी."

त्यांचा घास हातातच राहिला. "कोणी इचारलं न्हाई."

"कुंडात ती नसती तर तुमी उठला असता का?"

त्यांनी तो घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "मी खोटं एक अक्षर बोललो न्हाई." ते खरं होतं. टाचणी वाचली म्हणून मलाही आत कुठंतरी बरं वाटलं होतं, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

भादव्याच्या शेवटी ताप आला. दर वर्षीचा ताप एक दिवसाआड यायचा, हुडहुडी भरायची, घाम यायचा, माणूस निपचित पडायचं. हा तसा नव्हता. हा डोक्यात जायचा. पहिल्या आठवड्यात वरच्या आळीतली तीन माणसं गेली. शाळा ओस पडली. ज्या घरी दोन माणसं उभी असत त्यांनी तिसऱ्या घरच्यांना पाणी द्यायचं, असं होता होता उभी माणसंच संपली. पिकं रानात उभी राहिली, काढायला हात नव्हते.

आमच्या शेजारी एक विधवा बाई राहायची. तिला मी काकू म्हणायची. माझं बाळंतपण तिनं केलं होतं. तिला एकच मुलगा, विशीतला, नुकतं लग्न ठरलेला. बरणीतल्या अळ्या मोजताना पारावर सगळ्यांत मोठ्यानं तोच मोजत होता. तो पाच दिवस पडला आणि सहाव्या दिवशी सकाळी गेला. मास्तर खांदा द्यायला गेले. मी काकूजवळ बसले. ती रडली नाही, नुसती मुलाच्या घोंगडीची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

त्यानंतर चार दिवसांनी माझ्या मुलीला ताप भरला. मास्तर पहाटेच गंगाखेडला निघाले, चालत. जाऊन येऊन दोन दिवस लागले. कोयनेलच्या सहा गोळ्या त्यांनी कुणाच्या तरी हातापाया पडून मिळवल्या होत्या. मी गोळी कुटून मधात दिली. तिनं ओकून टाकली. पुन्हा दिली, पुन्हा ओकली. तिसऱ्या दिवशी तिला आचके यायला लागले. मास्तर तिचे दात मिटू नयेत म्हणून तोंडात बोट घालून बसले होते, त्यांच्या बोटातून रक्त येत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, ती गेली. दोन वर्षं आणि तीन महिन्यांची होती.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. राणीसावरगावचे जंगम स्वतः तापातून उठलेले, काठी टेकत आले. त्यांनी तिच्या कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग तिच्या डाव्या हातात ठेवलं आणि मूठ मिटली. मूठ राहीना. मास्तरांनी ती धरून ठेवली.

उरलेल्या चार गोळ्या मास्तर काकूकडे घेऊन गेले, कारण तिलाही ताप चढला होता. काकू उंबऱ्यात बसली होती. तिनं गोळ्या घेतल्या. मग म्हणाली, "मास्तर, तुमी त्यादिशी गप बसला असता तर काय झालं असतं?"

एवढंच. आवाज चढवून नाही, शिवी देऊन नाही. मास्तर घरी आले. गावात दुसरं कोणी त्यांच्या तोंडावर काही बोललं नाही. पण लोक आम्हाला बघून बोलणं थांबवायला लागले, आणि शाळा उघडल्यावर जी पोरं ताप चुकवून उरली होती त्यांतली निम्मीच आली. कुंडाला तेल नको हे गावानंच ठरवलं होतं, हे पाटलालाही आठवत नव्हतं. आपण त्याला कागदावरच्या अंगठ्याची आठवण देऊ नये असं मास्तर मला म्हणाले.

कार्तिकात ते पुन्हा गंगाखेडला गेले. दरोग्याला भेटून त्यांनी तेलाचा एक डबा मागून घेतला आणि राणीसावरगावपर्यंत गाडीनं, पुढं तीन कोस डोक्यावर घेऊन आले. मानेवर डब्याचा वळ उठला होता. त्यांनी गावाला काही विचारलं नाही. पहिले दोन दिवस पुरेल एवढं पाणी आम्ही दोघांनी भरून काकूच्या आणि आमच्या घरात ठेवलं, आठ दिवस कुंडाचं पाणी घेऊ नका अशी बाकीच्यांना दवंडी दिली, आणि सकाळी कुंडावर गेलो.

"तू नको येऊ," ते म्हणाले होते. मी गेले.

त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून डबा तिरपा केला. तेल पाण्यावर हळूहळू पसरलं. त्याच्यावर ऊन पडल्यावर निळे-जांभळे रंग उठले. डासांच्या अळ्या आधी मेल्या. मग पाण्यातून चतुराची पोरं वर येऊन दगडांना चिकटायला लागली, त्यांची वर यायची वेळ नव्हती तरी. एकेक दगड चढून अर्ध्यावर थांबायची. सोनेरी टाचण्या धारेवर नेहमीसारख्या येऊन बसत होत्या. एकीनं अंडी घालायला शेपूट पाण्याला टेकवलं आणि तिचे पंख तेलात चिकटले. मी काडी घेऊन तिला काढायला गेले तर मास्तर म्हणाले, "राहू दे."

डबा संपेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग ओढ्यानं खाली उतरत, जिथं जिथं पाणी तुंबलं होतं तिथं तिथं डब्याच्या तळातलं शिंपडत आलो. ते रडत होते का मला माहीत नाही. मी त्यांच्या मागं होते.

पुढच्या वर्षी दरोगा वेळेवर आला, गावानं सगळीकडे तेल टाकू दिलं. ताप तरीही आला. पहिल्यासारखा नव्हता, पण आला, आणि सात माणसं नेली. दरोगा आमच्याकडे पाणी प्यायला बसला होता तेव्हा मी दाराआडून त्याला विचारलं, "साहेब, मागल्या साली कुंडावर तेल पडलं असतं तर माझी लेक वाचली असती का?"

मास्तर शाळेत होते, नाहीतर मी विचारलं नसतं.

दरोग्यानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "अम्मा, जिथं पूरा तेल डाला वहाँ भी लोग मरे," तो म्हणाला. "जनावरांच्या खुराच्या खड्ड्यातपण मच्छर होता है. मैं क्या बोलूँ." मग बूट चढवत तो म्हणाला, "वाचली असती असं मी बोलत नाही. नसती वाचली, असंही बोलत नाही."

मी हे मास्तरांना सांगितलं. मला वाटलं त्यांना थोडा आधार होईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे जास्त वाईट हाय." मला ते तेव्हा कळलं नाही. कळलं, पण बऱ्याच वर्षांनी.

त्याच हिवाळ्यात हैदराबादच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. लढाईमुळे टपाल रखडलेलं, आमचं पाकीट त्यांना वर्षभरानं मिळालं होतं. त्यांनी माझ्या चित्रांची फार तारीफ केली होती. सोनेरी टाचणी या डोंगरांत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तिचे दोन नमुने, एक नर एक मादी, पुडीत घालून पाठवावेत, असं लिहिलं होतं. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. कुंडावर त्या वर्षी टाचण्या नव्हत्या. पुढच्या वर्षीही आल्या नाहीत. लाल चतुर आले, ते कुठंही येतात. मास्तरांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की नमुना मिळणं आता शक्य नाही. त्यानंतर त्यांनी एकही चतुर धरला नाही आणि मला चित्र काढ म्हणाले नाहीत. रंगांची पेटी मी काही वर्षं ठेवली होती. रंग वाळून त्यांना चिरा पडल्या.

आम्हाला पुढं दोन मुलगे झाले. मास्तरांनी बदली मागितली नाही. मी दोनदा म्हणाले, आपण पाथरीला जाऊ, माझे भाऊ काही बघतील. ते म्हणाले, इथनं उठून जाणं म्हंजे पळून जाणं. त्यांनी त्याच शाळेत, त्याच निम्म्या पोरांना शिकवलं. हळूहळू पोरं वाढली. काकू मात्र चार वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलायची, मुलांना तेल लावून न्हाऊ घालायची, पण मास्तर दारात आले की उठून घरी जायची.

मग रझाकारांचे दिवस आले. डोंगरातली गावं एकेक करून उठायला लागली, कोणी वऱ्हाडात, कोणी सरहद्दीच्या छावण्यांकडे. आम्ही पूर्ण्याला माझ्या चुलत दिरांकडे गेलो. ते रेल्वेत होते, दोन खोल्यांचं घर होतं. तिथं दीर आणि काकू धरून आम्ही सहा जण. निघताना मास्तर काकूच्या दारात गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "काकू, तुमी आमच्यासंगं चला. इथं एकट्या राहू नका."

ती गाडीत माझ्याशेजारी येऊन बसली.

पूर्ण्याला ती आमच्याकडे पाच महिने राहिली. फौजा येऊन राज्य बदलेपर्यंत. एवढ्याशा घरात कोणाला कोणाला टाळता येत नव्हतं. मास्तर पहाटे लांबच्या नळावरून घागर भरून आणत आणि पहिला तांब्या तिच्याजवळ ठेवत. पहिले काही दिवस ती तो बाजूला सारायची आणि स्वतः उठून घागरीतून घ्यायची. मग एक दिवस तिनं तो घेतला. पुढं रोज घ्यायला लागली. बोलणं अगदी कामापुरतं सुरू झालं, भाकरी वाढू का, पोरगं कुठं गेलं, असं.

माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मास्तरांनी कधी मागितलं नाही. गावी परत जायच्या दिवशी तिनं आपलं गाठोडं बांधलं, माझ्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मास्तरांकडे बघून म्हणाली, "गाडीत पुढं बसा, मास्तर. मागं लय हिसके बसतेत तुमच्या पाठीला."

मास्तर पुढं बसले.